नऊ वर्षांचा गीझर दुरुस्त करावा की नवाच घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाघोलीत चौदा मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहता, पाणी टँकरचं आणि बोअरचं. 15 लिटरचा, 2 किलोवॅटचा गीझर नऊ वर्षांचा झालाय. पाणी कोमटच येतं, तापताना आतून खदखद आवाज येतो आणि खालून थेंब पडतात. मेकॅनिकने न उघडताच ‘टाकी गेली, नवा घ्या’ असं सांगितलं. शेवटी जाता जाता लिहिलंय की सदाशिव पेठेत आईवडिलांकडे बाथरूममध्ये गॅस गीझर आहे आणि हल्ली त्याची ज्योत पिवळी दिसते.

मी पुण्यात गीझर दुरुस्तीचंच काम करतो. तुमच्या गीझरला चार दिवस उशीर झाला तरी चालेल, म्हणून आधी त्या शेवटच्या ओळीबद्दल बोलतो. आईवडिलांना आत्ता फोन करा आणि तो गॅस गीझर बंद करायला सांगा. ज्योत निळी असायला हवी. पिवळी ज्योत म्हणजे गॅस पुरता जळत नाही, आणि अर्धवट जळलेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, माणसाला वाटतं पित्त झालंय, आणि कडी लावलेल्या बाथरूममध्ये तो खाली कोसळतो. असं कुणाला झालं तर आधी गॅस बंद करून दारं-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा.

पिवळ्या ज्योतीची कारणं बहुधा साधी असतात. बर्नरमध्ये धूळ आणि काजळी साचलेली असते, किंवा वर तांब्याच्या पट्ट्या काजळीने बुजलेल्या असतात. अलीकडे पेठांमध्ये आणखी एक घोळ दिसतो, तोही तपासा. घरात सिलिंडर जाऊन एमएनजीएलची (पाइपने गॅस पुरवणाऱ्या कंपनीची) पाइपलाइन येते, शेगडीचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक छिद्रं, बदलले जातात आणि गीझर तसाच राहतो. सिलिंडरच्या गॅसचा आणि पाइपच्या गॅसचा जेट वेगळा असतो. गीझर त्या गॅससाठीच बनवलेला आहे का, हे त्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. साफसफाईने ज्योत निळी झाली तरी तो बाथरूममध्ये परत लावू नका. बाहेर, मोकळ्या हवेत लावून फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून चालेल, असं अनेक जण म्हणतात. नाही चालत. बंद खोलीत फॅन उलट धूरच आत ओढू शकतो. तांब्याची नळी गळत असेल किंवा काजळी परत परत धरत असेल तर त्या गीझरवर पैसे घालू नका. डायफ्रॅम (पाण्याच्या दाबाने गॅस सुरू करणारा रबरी पडदा) फाटला असेल किंवा ठिणगीचे सेल संपले असतील, तर ती किरकोळ दुरुस्ती आहे.

आता तुमचा गीझर. माझा अंदाज आहे की टाकी गेलेली नाही, तुमचा गीझर क्षाराने भरलाय. पण अंदाजावर जाऊ नका, घड्याळ घेऊन बसा.

गरम नळ सोडून गीझरमधलं पाणी थंड होऊ द्या, नळ बंद करा आणि गीझर चालू करून वेळ बघा. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 0.7 युनिट वीज लागते. 2 किलोवॅटच्या कॉइलला त्यासाठी 21 मिनिटं लागतात, थंडीच्या पहाटे गच्चीवरची टाकी गार पडलेली असेल तर काही मिनिटं जास्त. कॉइल अर्धवट तापत नसते. ती एकतर चालते किंवा जळते. व्होल्टेज 230 ऐवजी 200 असेल तर मात्र तीच कॉइल दीड किलोवॅटचंच काम करते आणि वेळ सव्वापटीहून जास्त लागतो. तेव्हा वेळ वाढला असेल तर आधी व्होल्टेज मोजा.

तुमच्याकडे उलट होत असावं: आठ-दहा मिनिटांतच गीझरचा दिवा विझतो आणि पाणी कोमट. टँकरच्या आणि बोअरच्या पाण्यातले क्षार तापल्यावर विरघळलेले राहत नाहीत, कॉइलवर पांढरा थर होऊन बसतात. थराखाली कॉइल प्रमाणाबाहेर तापते, तिथे वाफेचे बुडबुडे अडकून फुटतात. तुमचा खदखद आवाज तो हा. तोच थर थर्मोस्टॅटच्या (पाणी ठरल्याइतकं तापलं की वीज तोडणाऱ्या भागाच्या) नळीपर्यंत गेला की थर्मोस्टॅटला कॉइलची उष्णता थेट लागते, पाणी तापलंय असं समजून तो वीज तोडतो. म्हणजे आवाज आणि कोमट पाणी या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे. धायरी, उंड्री, वाघोली या भागांत हे खूप दिसतं. खडकवासल्याचं पाणी येणाऱ्या जुन्या पुण्यात क्षार कमी. तिथे गुरुवारच्या पाणीबंदनंतर शुक्रवारी येणारा गढूळपणा जास्त त्रास देतो.

एक खात्री अजून करून घ्या. गीझरच्या आउटलेटचा पाइप चांगला चटका देतोय आणि शॉवरला पाणी कोमट येतंय, असं असेल तर दोष मिक्सरचा, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळाचा आहे. त्याच्या आतला पाणी अडवणारा भाग, कार्ट्रिज, झिजला की थंड पाणी गरम लाइनमध्ये शिरतं. यासाठी नवे गीझर घेतलेली घरं मी पाहिली आहेत, आणि नव्या गीझरनेही पाणी कोमटच आलं. सोसायटीच्या सोलरची लाइन गीझरमध्ये घेतली असेल तर तेही लक्षात असू द्या: आत येणारं पाणीच गरम असेल तर थर्मोस्टॅट वीज घेणारच नाही.

खरा निर्णय थेंबांवर आहे. ते कुठून आणि केव्हा पडतात, हे दोन दिवस बघा. पाणी तापताना प्रसरण पावतं. 15 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर गेलं की सुमारे पाव लिटरने वाढतं. हे वाढलेलं पाणी सेफ्टी वॉल्वमधून थेंब थेंब बाहेर पडतं. फक्त तापताना आणि फक्त वॉल्वमधून गळत असेल तर गीझर आपलं काम नीट करतोय. ‘गळतंय’ म्हणून त्या वॉल्वला बूच मारणारे प्लंबर आहेत. तसं कुणालाही करू देऊ नका, टाकीत दाब कोंडला तर ती फुटू शकते. वॉल्व गीझर थंड असतानाही सतत गळत असेल तर तो बदला, टाकीचा त्याच्याशी संबंध नाही.

खालचं झाकण उघडल्यावर कॉइलच्या फ्लँजभोवती (कॉइल टाकीला जिथे बोल्टने बसते त्या चकतीभोवती) ओल दिसली तर गॅस्केट, म्हणजे तिथलं रबरी सील, गेलंय. बाहेरून ही गळती हुबेहूब टाकीच्या गळतीसारखी दिसते, म्हणून न उघडता दिलेला निकाल मी मानत नाही. पण फ्लँज कोरडा, आणि आतल्या टाकी व बाहेरच्या आवरणाच्या फटीतून तांबूस पाणी येतंय, गीझर बंद असतानाही दिवसभर येतंय, तर मेकॅनिक बरोबर होता. टाकी सडलीये. तिला वेल्डिंग करून उपयोग नाही, आतलं काचेचं अस्तर उष्णतेने जातं. एम-सील दाबापुढे टिकत नाही. तसंच फक्त गरम नळाला तांबडं पाणी येत असेल आणि थंड स्वच्छ असेल तर टाकी गंजायला लागली आहे. दोन्हीकडे तांबडं असेल तर गढूळपणा सोसायटीच्या टाकीतून येतोय.

नवा घ्यायच्या आधी वॉरंटी कार्ड शोधा. आतल्या टाकीची वॉरंटी वेगळी आणि बाकी भागांपेक्षा जास्त वर्षांची असते.

टाकी शाबूत निघाली तर मेकॅनिककडून एकाच वेळी सगळं करून घ्या: क्षार काढणं, कॉइल, थर्मोस्टॅट, गॅस्केट आणि मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड. हा रॉड स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवतो, आणि नऊ वर्षांत तो कुणी पाहिला नसेल तर बहुतेक तारच उरली असेल. क्षार काढायला सायट्रिक अॅसिड वापरायला सांगा, संडास धुवायचं अॅसिड नको. या सगळ्याचं बिल नव्या गीझरच्या निम्म्यावर जात असेल तर मी या वयाच्या गीझरवर ते घालणार नाही.

एका गोष्टीत मात्र थांबायचं नाही. नळाला हात लावल्यावर बारीकशी झिणझिणी जरी आली, तरी गीझर मेनपासून बंद. बहुधा कॉइलचं आवरण फुटून वीज पाण्यात उतरलेली असते आणि शिवाय अर्थिंग तुटलेलं असतं, तेव्हा हात झिणझिणतो. एमसीबी (जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झालं की पडणारा स्विच) यापासून वाचवत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच पडणारा स्विच) हवा. गीझर चालू केल्यावर आरसीसीबी पडत असेल तर तो परत परत वर करू नका, कॉइल तपासून घ्या. प्लगची पिन काळी पडली असेल, सॉकेट तापत असेल, तर हा दोष गीझरचा नाही. सॉकेट बदला.

नवाच घ्यावा लागला तर स्टार बघून पाणी लवकर तापेल असं धरू नका. स्टार हे तापलेलं पाणी किती वेळ गरम राहतं, म्हणजे उष्णता किती वाया जाते, यावर दिलेले असतात. दर दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब पडतो, आणि तुमच्या डोक्यावर अकरा मजले आणि गच्चीवरची टाकी आहे. 8 बारचा गीझर मागा. अॅनोड रॉड सहज काढता येतो का, हे दुकानातच विचारा. थर्मोस्टॅट 50-55 अंशांवर ठेवलात तर क्षार हळू बसतात. कधी कुजक्या अंड्यासारखा वास यायला लागला तर एकदा 60 च्या वर तापवून ती टाकी रिकामी करा. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास टाकी उघडून क्षार काढून घ्या. वीज बंद, स्टॉपकॉक (गीझरला येणाऱ्या पाण्याचा कॉक) बंद, मग पाणी सोडायचं. आणि परत चालू करताना गरम नळाला सलग धार आल्याशिवाय बटण दाबायचं नाही, कोरडी कॉइल काही मिनिटांत जळते.

झाकण उघडल्यावरचे फोटो काढून इथे टाका, विशेषतः फ्लँजचा आणि आवरणाच्या खालच्या कडेचा. बघून सांगतो.