लेहमध्ये मायनस तापमानात बर्फ न वितळता जातो कुठे?

तुम्ही विचारलंय की जानेवारीत लेहला दिवसाही पारा शून्याखाली असतो, तरी गच्चीवरचा बर्फ आठवड्याभरात नाहीसा होतो आणि पाण्याचा टिपूसही दिसत नाही, हे कसं. मी कामासाठी तिथे एक अख्खा हिवाळा काढलाय, मलाही आधी हेच कोडं पडलं होतं. बर्फाची थेट वाफ होते. शाळेत संप्लवन शिकलो ना, कपाटातल्या डांबरगोळ्या झिजून जातात ते, तेच हे.

तिथे वारा सतत ही वाफ ओढून नेतो, पण नुसत्या वाऱ्याने हे फार वेळ चालत नाही. १ किलो बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते त्याच्या साधारण साडेआठ पट, म्हणजे सुमारे २८ लाख ज्यूल, त्याची थेट वाफ करायला लागते. ती बाहेरून मिळाली नाही तर बर्फ स्वतःचीच उष्णता खर्च करतो आणि आणखी गार होतो, माठातलं पाणी होतं तसाच, आणि जितका गार तितकी वाफ कमी, म्हणजे काम मंदावलंच. म्हणून ऊन पाहिजे. ताजा पांढरा बर्फ ८०-९० टक्के ऊन परत फेकतो हे खरं, पण लेह ३५०० मीटरवर, तिथलं ऊन कडक, आणि बर्फावर धूळ बसली की तो जास्त ऊन शोषायला लागतो.

आता उलट बघा, ऊन आहे पण वारा पडलाय. मग बर्फाला लागून असलेली हवा वाफेने भरते, ती हलत नाही, नवीन वाफेला जागा नाही, उष्णता साठत जाते आणि बर्फ सरळ वितळतो. वारा तो दमट थर ओढून नेतो आणि जागी कोरडी हवा आणतो. ही हवा कोरडी असणं फार महत्त्वाचं, कारण हवा दमट असेल तर उलटंच होतं, तिच्यातलीच वाफ बर्फावर जमते.

माझ्या खोलीबाहेरच्या कठड्यावर हे रोज दिसायचं. उन्हाच्या बाजूच्या बर्फाला आधी बारीक खळगे पडले, मग मधले कंगोरे सुरीच्या पात्यासारखे पातळ झाले, बोट लावलं की कोरडा भुगा, आणि खालची माती ठणठणीत कोरडी. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात असेच कंगोरे माणसाहून उंच वाढतात, डार्विनने १८३५ मध्ये ते पाहिले होते. त्याच कठड्यावर बर्फावर कुणीतरी एक पातेलं उपडं टाकलं होतं. दहा दिवसांनी बाकी कठडा मोकळा झाला तेव्हा मी ते उचललं, खाली बर्फाची गोल चकती जवळपास तशीच होती.