कंपनीच्या पैशातून चालणाऱ्या मोफत कोर्सला भावाला पाठवावं का?

बारावी होऊन घरी बसलेल्या चुलत भावाला परभणीहून पुण्याला, एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या खर्चातून, चालणाऱ्या तीन महिन्यांच्या मोफत वेल्डिंग कोर्सला पाठवू का, आणि कंपनी हे फुकट का करते, असं तुम्ही विचारलंय. अशाच एका केंद्रावर पोरांना नोकरीला लावायचं काम मी करतो.

फुकट का, तर कायद्यामुळे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि रोजगार मिळवून देणारं प्रशिक्षण त्यात बसतं. त्यामुळे उगाच संशय नको. पण बोर्डावर जिचं नाव, तीच कंपनी नोकरी देईल असंही धरू नका. वर्ग बहुधा एखादी संस्था चालवते आणि किती पोरं कामाला लागली ते कंपनीला दाखवते. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चा सोस तिथूनच येतो. तुम्ही विचारायचं ते वेगळंच : सहा महिन्यांपूर्वीच्या बॅचमधली किती पोरं आज कामावर टिकून आहेत? दोघा-तिघांचे नंबर मागून थेट बोला.

पाठवण्याआधी एकदा वर्कशॉप बघून या. एका मशीनवर किती पोरं, आणि रोज प्रत्येकाच्या वाट्याला किती वेल्डिंग रॉड येतात, ते तिथल्या पोरांनाच विचारा, सरांना नको. कोपऱ्यातलं भंगार जरूर बघा. दोन्ही बाजूंनी बीड, म्हणजे वेल्डिंगची रेघ, मारमारून काळ्या पडलेल्या पट्ट्यांचा ढीग दिसला तर काम शिकवतात. भिंतीवर नुसते उद्घाटनाचे फोटो असतील तर काय ते समजा. डिपॉझिट मागितलं किंवा मार्कशीटची मूळ प्रत ठेवून घेतो म्हणाले, तर तिथूनच परत फिरा.

पोरं गळतात ती वर्गात नाही, नोकरीच्या पहिल्या दोन महिन्यांत. पुण्याजवळच्या चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत कंत्राटदाराकडे लागतात, आणि पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला. तोवर कॉट बेसिसचं, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं, भाडं, त्याचं डिपॉझिट, मेस, सेफ्टी शूज, सगळं खिशातून. घरून पैसे आले नाहीत की पोरगं गावची गाडी धरतं, आणि ‘पोरांना कामच नको असतं’ म्हणायला आम्ही मोकळे! दीड महिन्याच्या खर्चाची सोय करूनच त्याला पाठवा. नोकरीत पीएफ कापतात का, तेही आधीच विचारा.

घर आणखी एक-दोन वर्षं थांबू शकत असेल, तर मी आयटीआयच सुचवेन. तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटवर कारखान्यात उभं राहता येतं, पण रेल्वेची अप्रेंटिसशिप किंवा महावितरणची विद्युत सहाय्यकाची भरती यांना बहुतेक वेळा त्या-त्या ट्रेडचा आयटीआय लागतो, तिथे हे सर्टिफिकेट चालत नाही.

आणि त्याच्या डोक्यात गावातच गेट-ग्रिलचं दुकान टाकायचं असेल, तर पुण्याला कशाला? बँका चालवतात त्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये, म्हणजे आरसेटीत, प्रशिक्षण, राहणं-जेवण मोफत असतं आणि पुढे कर्जाच्या फाइललाही मदत करतात. वेल्डिंगची बॅच कधी आहे ते जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत विचारा.