चौथीतल्या मुलाला यादीतली विरामचिन्हं कशी शिकवावीत?

व्याख्या पाठ करून घेऊ नका, वाणसामानाची यादी लिहायला द्या. माझ्या मुलीने एकदा लिहिलं, ‘दही वडे भात आणि पापड.’ मी विचारलं, दहीवडे करायचे की दही वेगळं आणि वडे वेगळे? ती हसली आणि स्वतःच स्वल्पविराम टाकला: ‘दही, वडे, भात आणि पापड.’ मराठीत शेवटच्या ‘आणि’आधी सहसा स्वल्पविराम देत नाहीत, तेही तिथेच सांगून टाकलं.

मग अपूर्णविराम, म्हणजे दोन टिंबं. ‘पुढे तपशील येतोय’ अशी ती पाटी. ‘बाजारातून आणायच्या वस्तू :’ इथे ती शोभते. पण ‘मी गूळ, पोहे आणि साबण आणले’ या वाक्यात ‘मी’नंतर टिंबं नकोत. मुलं हमखास इथे चुकतात.

एकाखाली एक मुद्दे लिहिताना नुसते शब्द असतील तर शेवटी काही नको, पूर्ण वाक्यं असतील तर प्रत्येकाला पूर्णविराम. एकाच यादीत दोन्हींची सरमिसळ मात्र करू देऊ नका. शाळेतल्या बाईंची पद्धत वेगळी असेल, तर वहीत त्यांचीच चालू द्या.