दुबईच्या एजंटाचा करार: सही करण्याआधी

प्रश्न: समुद्रपूर तालुक्यातली आमची शेतकरी उत्पादक कंपनी वायगाव हळदीची पूड विकते. दुबईचा एक व्यापारी एजंट व्हायला तयार आहे. पाच वर्षं सगळ्या आखाती देशांत तो एकटाच विकणार, आमचा ब्रँड तिकडं त्याच्या नावे नोंदवणार, भांडण झालं तर दुबईचं कोर्ट, असा त्याचा मसुदा आहे. तिथल्या सरकारी नोंदणीसाठी मुखत्यारपत्रही मागतो. संचालक मंडळ राजी आहे. सही करावी का?

उत्तर: भाऊ, या मसुद्यावर सही करू नका. मुखत्यारपत्र तर मुळीच देऊ नका.

आपल्या 1872 च्या करार कायद्यात वाजवी नोटीस देऊन एजंट बदलता येतो, म्हणून तिकडंही तसंच असेल असं आपण धरून चालतो. तसं नाही. संयुक्त अरब अमिरातीत एजन्सीसाठी वेगळा कायदा आहे, सध्याचा 2022 चा. त्याखाली एजंटाची नोंदणी झाली की त्या भागात तो एकटाच. उद्या शारजातल्या एखाद्या दुकानदारानं थेट तुमच्याकडून माल घेतला, तरी त्यावर एजंट कमिशन मागू शकतो. त्याला काढायचं म्हटलं तर लांब मुदतीची नोटीस आणि भरपाईचा दावा पुढ्यात येतो. मुखत्यारपत्र मागतोय ते या नोंदणीसाठीच.

ब्रँडचं कलम मला सगळ्यात जास्त खटकलं. ठोक्यानं वावर दिलं म्हणून आपण सातबारा ठोकेदाराच्या नावे चढवतो का? वायगाव हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते नाव इथं कुणा एकाचं होत नाही. पाकिटावरचं तुमच्या कंपनीचं नाव मात्र ज्या देशात जो नोंदवेल त्याचं. एकाच अर्जातून अनेक देशांत ट्रेडमार्क मागायची जी व्यवस्था आहे, त्या माद्रिद प्रोटोकॉलमध्ये अमिराती 2021 च्या अखेरीस आली. इथं ट्रेडमार्कचा अर्ज केलेला असेल, तर भारतीय कार्यालयामार्फतच तिकडची नोंदणी कंपनीच्या नावे मागता येते. खर्च आहे, पण आधी हे करा, कराराचं नंतर.

दुबईच्या कोर्टाचं कलमही हलकं घेऊ नका. जानेवारी 2020 पासून तिथल्या कोर्टाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44-अ खाली आपल्या जिल्हा न्यायालयातून होऊ शकते. म्हणजे तिथं एकतर्फी निकाल लागला तर वर्ध्यात जप्तीची वेळ येऊ शकते. त्याऐवजी नागपुरात लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी दोघांनी नेमलेल्या पंचाचा निवाडा, असं लिहा. एका देशातला लवादाचा निवाडा दुसऱ्या देशात मान्य करायच्या न्यूयॉर्क कराराची अमिराती 2006 पासून सदस्य आहे, त्यामुळं इथला निवाडा तिकडं बजावता येतो.

मग त्याला नाही म्हणायचं का? तसं नाही. माणूस विकू शकतो असं वाटत असेल तर वर्षभर त्याला नुसता खरेदीदार ठेवा. एकाधिकार नाही, नोंदणी नाही, आणि पैसे आगाऊ किंवा बँकेच्या पतपत्रावर (एलसी). पुढं एजंट केलाच तर प्रदेश दुबईपुरता ठेवा, वर्षाला किमान किती क्विंटल उचलायची ते लिहा, आणि तेवढी उचल झाली नाही तर करार संपेल असं स्पष्ट नमूद करा. कमिशन शिपिंग बिलात, म्हणजे निर्यातीच्या कस्टम्स कागदात, दाखवून बँकेमार्फतच द्या, कुणाच्या भाच्याच्या खात्यात नाही.

युरोपात जायचा विचार असेल तर तिकडची तऱ्हा निराळी. तिथं युरोपीय संघाच्या 1986 च्या निर्देशानुसार करार संपल्यावर एजंटाला भरपाई मिळू शकते, आणि करारात दुसऱ्या देशाचा कायदा लिहून ती टाळता येत नाही.

पुढच्या बैठकीत ठराव घ्या की परदेशी करारावर एकट्या अध्यक्षाची सही चालणार नाही. व्यापाऱ्याला त्याच्या ट्रेड लायसन्सची प्रत मागा आणि ती आली की मसुद्यासोबत माझ्याकडं पाठवा.