डॉक्टरांना खरं सांगितलं म्हणून क्लेम गेला का?

मेडिक्लेम नाकारला गेलेल्या घरांतून एक वाक्य हमखास कानावर येतं. "मॅडम, पुढच्या वेळी डॉक्टरला जुनं काही सांगायचंच नाही, असं ठरवलंय आम्ही." ते ऐकलं की मला पैशांपेक्षा त्या माणसाच्या जिवाची काळजी वाटते. छातीत दुखतंय म्हणून आलेला रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेतो हे डॉक्टरांना कळलंच नाही, तर उपचार उलटू शकतो. ही भीती कुठून येते आणि तिचं काय करायचं, हे एका जोडप्याच्या हकिकतीतून सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मिरजेत मी रुग्णांचं आणि त्यांच्या घरच्यांचं समुपदेशन करते. सुमनताईंना त्यांची मुलगी घेऊन आली. आई नीट जेवत नाही, रात्रभर जागी असते, बाबांशी धड बोलत नाही, अशी तक्रार होती. बाबांची अँजिओप्लास्टी होऊन दोनेक महिने झाले होते आणि त्यांची तब्येत सुधारत होती. मोडली होती ती आई. कारण विचारल्यावर सुमनताई एवढंच म्हणाल्या, "मीच घात केला बघा. माझ्याच तोंडानं सांगितलं."

झालं होतं असं. कॅशलेस नामंजूर झालं, म्हणून ठेव मोडून आणि दिरांकडून उसने घेऊन पावणेतीन लाखांचं बिल भरलं. नंतर भरपाईसाठी कागद पाठवले, तर कंपनीचं पत्र आलं: रुग्णाला ८ वर्षांपासून रक्तदाब आहे, पॉलिसी घेताना ही माहिती दडवली, सबब दावा फेटाळण्यात येत आहे. पॉलिसीचं चौथं वर्ष चालू होतं. आठ वर्षांचा उल्लेख आला होता तो दवाखान्याच्या केस पेपरमधून, आणि तो दिला होता सुमनताईंनी.

त्यांचे यजमान, म्हणजे दत्तात्रयराव, साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाच्या गाडीच्या वजनावरून शेतकरी किती जीव तोडून भांडतात हे आमच्या भागात कुणाला सांगायला नको. तिथे उभी हयात काढलेल्या माणसाला 'माहिती दडवली' असं लेखी आलं. ते पत्र त्यांनी कुणाला दाखवलं नाही, भावालाही नाही. पैसे बुडाल्यापेक्षा खोटं ठरल्याचं त्यांना जास्त लागलं होतं. आणि बायको समजत होती की नवऱ्याच्या कपाळी हा डाग आपण लावला.

अशा वेळी मी आधी पॉलिसी उघडत नाही. अपराधीपणानं गच्च भरलेल्या माणसाला कलमं ऐकू येत नाहीत. मी सुमनताईंना त्या रात्रीचं सगळं क्रमानं सांगायला लावलं. घाम कधी फुटला, गाडी कुणाची आणली, कॅज्युअल्टीत कोण भेटलं. सांगता सांगता त्या औषधांच्या पिशवीपाशी आल्या. पिशवीत दोन पाकिटं होती, एक बीपीच्या गोळ्यांचं, दुसरं पित्ताच्या. शिकाऊ डॉक्टरनं घाईत विचारलं, "गोळ्या कधीपासून चालू आहेत?" सुमनताई म्हणाल्या, "आठ वर्षं झाली असतील."

"कुठल्या गोळीबद्दल सांगितलंत?" मी विचारलं.

त्या थांबल्या. "पित्ताच्या. पित्ताचं पाकीट वर होतं. बीपीची तर आत्ता चालू झाली, धाकट्याच्या लग्नाच्या आधी."

धाकट्याचं लग्न दोन वर्षांपूर्वीचं. म्हणजे पॉलिसी घेतली तेव्हा बीपी नव्हतंच. जे नव्हतं ते दडवणार कसं? पण त्या रात्री धावपळीत शिकाऊ डॉक्टरनं दोन्ही गोळ्यांपुढे एकच मुदत लिहिली आणि पुढे सगळ्या कागदांवर तीच उतरत गेली.

इथून पुढे काम कागदाचं होतं. त्यात सुमनताईंना मी मुद्दाम पुढे ठेवलं. ज्या हातून चूक झाली असं त्यांना वाटत होतं, त्याच हातांनी ती निस्तरायला मिळाली तर मन लवकर सावरतं, असा माझा अनुभव आहे. दवाखान्याकडे लेखी अर्ज देऊन त्यांनी भरतीचे संपूर्ण केस पेपर मागवले. अर्ज केल्यावर ७२ तासांत हे कागद देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे, हे बहुतेकांना माहीतच नसतं. लोक डिस्चार्ज कार्डावर थांबतात आणि खरी मेख आतल्या पानांत असते. गावातल्या फॅमिली डॉक्टरांकडे बीपीचं पहिलं निदान तारखेसह मिळालं. मेडिकलवाल्यानं संगणकातून पहिल्या खरेदीचं बिल काढून दिलं. सर्वांत बोलका पुरावा कारखान्यातच होता. पॉलिसी घेण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या वार्षिक तपासणीत दत्तात्रयरावांचा रक्तदाब नॉर्मल नोंदवलेला होता.

ओळखीतल्या एकानं सल्ला दिला, दवाखान्यात कुणाला तरी धरून आकडा बदलून घ्या. मी स्पष्ट नाही म्हणाले. मूळ प्रत कंपनीकडे गेलेली असते. दुसऱ्या प्रतीवर खाडाखोड दिसली की आजवर नसलेला खोटेपणा खरोखरच तयार होतो. त्याऐवजी उपचार करणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांना भेटून सगळे पुरावे दाखवले. त्यांनी आपल्या लेटरहेडवर त्या दिवसाची तारीख घालून खुलासा लिहून दिला, की भरतीच्या वेळी मुदत चुकून नोंदली गेली.

तक्रारीचं पत्र दत्तात्रयरावांनी लिहिलं. चार पानी. त्यात काटा होता, इमान होतं, मुलांची शिक्षणं होती, संताप होता. ते पत्र मी त्यांना माझ्यासमोर मोठ्यानं वाचायला सांगितलं. सुमनताई शेजारीच बसल्या होत्या. वाचून झाल्यावर ते बायकोकडे वळून म्हणाले, "तू त्या रात्री मला वेळेत पोचवलंस. बाकीचं राहू दे." इतक्या आठवड्यांत हा विषय ते दोघं पहिल्यांदाच बोलत होते. ते चार पानी पत्र घरी ठेवायला दिलं आणि कंपनीसाठी एक पानाचं नवं लिहिलं: पॉलिसीची तारीख, निदानाची तारीख, नोंदीतली चूक, सोबत जोडलेले पुरावे. नकार देताना कंपनीनं पॉलिसीतल्या नेमक्या कोणत्या अटीवर बोट ठेवलं आहे हे सांगावंच लागतं. उत्तरही तेवढ्याच मुद्द्याला द्यायचं, इकडचं तिकडचं नाही.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यानं नकार कायम ठेवला. इथे बहुतेक जण हात टेकतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. कारण खरी दाद त्यापुढेच मिळते. विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायला फी लागत नाही, वकील लागत नाही, उलट वकील चालतच नाही. कंपनीनं नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर त्यानंतर एक वर्षाच्या आत तक्रार करायची. ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांची तक्रार तिथे चालते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि ३० दिवसांत पाळावा लागतो. आपल्याला तो मान्य नसेल, तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. सांगली जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्याला आहे. तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरही होते. विमा नियामकाचं 'बीमा भरोसा' पोर्टल आहे, १५५२५५ हा फोन क्रमांक आहे, तिथेही तक्रार नोंदवता येते.

सुनावणीत सुमनताईच बोलल्या. आदल्या दिवशी आम्ही तयारी केली होती: रडू आलं तर थांबायचं, पाणी प्यायचं, पुन्हा तारखांवर यायचं. त्यांनी पिशवीतल्या दोन पाकिटांची गोष्ट जशी घडली तशी सांगितली. निवाडा त्यांच्या बाजूनं लागला.

पैसे मात्र पूर्ण आले नाहीत, आणि हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा होती आणि यांनी वरच्या दर्जाची खोली घेतली होती. अशा वेळी भाड्यातला फरक तर कापतातच, शिवाय डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च यांनाही त्याच प्रमाणात कात्री लागते. मात्र औषधं, स्टेंट, तपासण्या आणि आयसीयू यांना ती लावता येत नाही. हिशेबाच्या पहिल्या तक्त्यात स्टेंटवरही कपात दिसली. ती लेखी आक्षेप घेऊन दुरुस्त करून घेतली. हातमोजे वगैरे किरकोळ वस्तूंचे पैसे गेले ते गेले. दिरांचे पैसे फिटले, ठेव अर्धीअधिक परत उभी राहिली.

आता ज्यांना खरोखरच आधीपासून आजार होता आणि फॉर्मवर एजंटनं 'नाही' अशी खूण केली, त्यांच्याविषयी. अशीही माणसं माझ्याकडे येतात आणि तोंड लपवून बोलतात. त्यांना मी सांगते, पॉलिसीसोबत आलेली प्रस्ताव अर्जाची प्रत आज काढून वाचा. पॉलिसी हातात पडून ३० दिवस झाले नसतील, तर ती परत करता येते. दिवस उलटले असतील तर कंपनीला लेखी कळवा. हप्ता वाढेल, प्रतीक्षा कालावधी लागेल, म्हणजे तेवढा काळ त्या आजाराचा खर्च मिळणार नाही, कंपनी आणखी कडकही वागेल. पण आधीच्या आजारांसाठी हा कालावधी आता जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. आयसीयूच्या दारात उभं राहून छातीत धडधडत काय बोलू न् काय लपवू असं करण्यापेक्षा ते परवडतं. आणि डॉक्टरला सगळं सांगाच, फक्त तारखेसकट सांगा. कुठली गोळी, कशासाठी, कोणत्या साली सुरू झाली, असा एक कागद औषधांच्या पिशवीत ठेवा. नक्की आठवत नसेल तर अंदाजानं आकडा देऊ नका, "नक्की आठवत नाही, असंच लिहा" म्हणा.

सुमनताई आणि दत्तात्रयरावांचा वाद कंपनीशी चालू असतानाच त्यांच्या पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख आली होती. दत्तात्रयराव भडकले. "ज्यांनी खोटं ठरवलं त्यांना परत पैसे भरू?" स्टेंट बसलेल्या माणसाला नवी पॉलिसी मिळणं अवघड, आणि मिळाली तरी प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून, हे मी त्यांच्यापुढे मांडलं. निर्णय त्यांच्यावर सोडला. दोन दिवसांनी त्यांनी हप्ता भरला. २०२४ पासूनच्या नियमानुसार सलग ६० महिने पॉलिसी चालली, की सिद्ध झालेली फसवणूक सोडल्यास माहिती दडवली या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. त्यांचे ६० महिने येत्या नूतनीकरणाला पूर्ण होतात.