व्हॉल्व्ह हलला का?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला. ‘सर, तुम्ही शिकवलंत की निगेटिव्ह फीडबॅक आहे म्हणून प्लांट शांत चालतो. इथे अप्रेझलमध्ये मला तोच मिळालाय आणि दोन रात्री झोप नाही. हा शब्द नक्की कुणाचा, आपला की एचआरचा?’ आधी मी हसलो. मग चष्मा शोधून मेसेज पुन्हा वाचला. धीरबीर देत बसणार नाही. मार्चच्या उन्हात बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, धूळ खात बॉयलरच्या प्लॅटफॉर्मवर उभी राहिलेली मुलगी आहेस तू.

शब्द आपला. बाकीच्यांनी तो उसना नेला आणि नेताना अर्धा रस्त्यात सांडला. आपल्याकडे निगेटिव्ह म्हणजे वजाबाकी, एवढंच. सेटपॉइंटमधून, म्हणजे हव्या असलेल्या पातळीतून, मोजलेली पातळी वजा करायची आणि उरेल त्या फरकावर व्हॉल्व्ह हलवायचा. त्यात राग नाही, मानापमान नाही. तुमच्या एचआरला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणजे कौतुक वाटतं. आपल्याकडे पॉझिटिव्ह म्हणजे गणपतीच्या मांडवात माईक स्पीकरसमोर आला की कानठळ्या बसवणारी जी कुई निघते ती. आर्क्टिकवरचा बर्फ वितळतो, उघडं पडलेलं काळं पाणी जास्त ऊन शोषतं, म्हणून आणखी बर्फ वितळतो. हवामानवाले त्यालाही पॉझिटिव्हच म्हणतात. पेढे वाटायची बातमी नाही ती.

ब्लॅकची गोष्ट आठवते? 2 ऑगस्ट 1927. बेल लॅब्जचा हॅरॉल्ड ब्लॅक फेरीबोटीतून हडसन नदी ओलांडून कामावर निघालेला. टेलिफोनच्या लांब लाइनींवरचे अँप्लिफायर आवाज वाढवायचे आणि सोबत बिघडवायचेही, आणि तो कित्येक वर्षं त्यामागे लागलेला. बोटीवर त्याला सुचलं की आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटला परत द्यावा. हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच त्याने आकृती काढली. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, खूप घटतो, पण उरतो तो स्वच्छ. 1928 साली केलेल्या अर्जावर पेटंट मिळायला 1937 चा डिसेंबर उजाडला. कष्टाने मिळवलेला गेन मुद्दाम घालवायचा, हे भल्याभल्यांच्या गळी उतरत नव्हतं. तुझ्याही उतरत नाहीये.

पण हे सगळं तुला येतं. माझा प्रश्न तोच, जो सहा महिने रोज सकाळी विचारायचो आणि तुम्ही पोरं पाठीमागे माझी नक्कल करायचात. (मला माहीत होतं.) व्हॉल्व्ह हलला का?

बी.एड.च्या मराठी पुस्तकांत फीडबॅकला ‘प्रत्याभरण’ म्हणतात. जड शब्द आहे, पण कुणीतरी विचार करून घडवलाय. त्यात भरण आहे, म्हणजे परत काहीतरी आत घातलं गेलं पाहिजे. तुमच्या ऑफिसात चालतो तो अभिप्राय. अभिप्राय कुणाचाही, कशावरही असू शकतो. पाहुणे लग्नात जेवून मठ्ठ्याबद्दल देतात तसा. त्याने पुढची पंगत बदलली तर तो फीडबॅक, नाहीतर नुसती ढेकर. तुझ्या फॉर्मवर लिहिलंय ‘कम्युनिकेशन सुधारण्यास वाव’. कुठल्या मीटिंगमधलं? कुठल्या मेलमधलं वाक्य? हे वाचून तू उद्या सकाळी नेमकं काय वेगळं करणार? माहीत नाही ना? मग कुठला व्हॉल्व्ह हलणार? ज्या शेऱ्याला आउटपुटची तारच नाही, त्याच्यासाठी तू दोन रात्री जागलीस.

आता माझं सांगतो. ट्रेनिंगला हे कधी सांगितलं नव्हतं.

मी 29 वर्षांचा होतो. कारखान्याचं नाव नको. गळीत हंगाम भर जोरात. रात्रपाळीला बॉयलरवर एक अटेंडंट होते, सगळे त्यांना मामा म्हणत, शिक्षण चौथी. पहाटे तीनला ते पॅनेल रूममध्ये आले आणि म्हणाले, ‘साहेब, काचेत पाणी खाली दिसतंय.’ (काच म्हणजे बॉयलरची पातळी डोळ्यांनी बघायची गेज ग्लास.) मी पॅनेल बघितलं. ड्रम लेव्हल, म्हणजे बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची पातळी, सेटपॉइंटच्या थोडी वरच, रेघ सरळ, कंट्रोलर फीडवॉटरचा व्हॉल्व्ह आपणहून हळूहळू बंद करत होता. अगदी पुस्तकातल्यासारखं. चार माणसांसमोर मी म्हणालो, ‘मामा, काच पुसा आधी.’

वीस मिनिटांत बॉयलर लो-लो लेव्हलला, म्हणजे पाणी धोक्याइतकं खाली गेल्यावर, ट्रिप होऊन आपोआप बंद पडला. त्या ट्रिपचा स्विच वेगळा होता म्हणून ट्यूबा वाचल्या. झालं असं होतं की पातळी मोजून पॅनेलला कळवणाऱ्या ट्रान्समीटरच्या रेफरन्स लेगचं, म्हणजे तुलनेसाठी कायम भरून ठेवलेल्या नळीचं, पाणी गळतीने उतरलं होतं. तुला माहीत आहे, तो लेग रिकामा होत गेला की दाबातला फरक कमी होतो आणि ट्रान्समीटरला ड्रम भरलेला वाटतो. ड्रम सुकत होता आणि माझा लूप, म्हणजे मोजमापावरून व्हॉल्व्ह हलवणारी साखळी, इमानेइतबारे पाणी तोडत होता. व्हॉल्व्ह हलत होता, हो, पण खोट्या मोजमापावर. खरं मोजमाप जिना चढून माझ्यापर्यंत आलं होतं आणि मी त्याला काच पुसायला पाठवलं.

माझी बाजूही ऐक. ट्रान्समीटर नवा होता, आठवड्यापूर्वीच कॅलिब्रेट केलेला. माणसाच्या डोळ्यापेक्षा यंत्रावर विश्वास ठेवायचा, हेच आम्हाला शिकवलं होतं, आणि दहातल्या नऊ वेळा ते बरोबरच असतं. काच खरोखरच बऱ्याचदा मळलेली असायची. हे मी गेली कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलोय. त्याने फारसं काही होत नाही.

खरं नुकसान नंतर झालं. मामा माझ्या पाळीला काही सांगायचे बंद झाले. विचारलं की म्हणायचे, ‘सगळं ठीक, साहेब.’ आपला सिग्नल 4 ते 20 मिलीअँपिअर का असतो, 0 ते 20 का नाही, हे तोंडी परीक्षेत मी तुला विचारलं होतं आणि तू फटकन सांगितलं होतंस: पातळी शून्य असली तरी 4 येतात, त्यामुळे 0 आला की समजायचं, तार तुटली. मामा 0 वर गेले होते आणि मी ते ‘सगळं ठीक’ असं वाचत राहिलो. पुढचे दोन हंगाम. तुझ्या मॅनेजरने निदान एक ओळ लिहिली. त्याचा सिग्नल मंद आहे, गोंधळलेला आहे, पण तार जिवंत आहे.

त्या एका ओळीचाही मला राग आहे, तो उशिराचा. मार्चमधली गोष्ट पुढच्या मार्चमध्ये सांगतात! उशिरा येणारा फीडबॅक लूपला झोके देतो, हंटिंग सुरू होतं. यंदा कांद्याला भाव मिळाला की पुढच्या हंगामाला जो तो कांदाच लावतो, मग लासलगावला ट्रॅक्टरांची रांग लागते आणि भाव तळाला जातो, की त्यापुढच्या वर्षी लागवड कमी. शेतकरी मूर्ख नाही. त्याला मिळणारं मोजमाप एक हंगाम जुनं असतं. (मधूनच येणारी निर्यातबंदी म्हणजे चालत्या लूपमध्ये तिसऱ्यानेच हात घालून व्हॉल्व्ह पिरगाळणं. तो विषय नको, माझं बीपी वाढतं.) उलट बाजूही आहे. माझ्या बायकोची थायरॉइडची गोळी बदलली तेव्हा डॉक्टरांनी टीएसएच परत तपासायला सहा ते आठ आठवडे थांबायला सांगितलं. शरीराचा लूपच संथ, आधी रक्त काढून उपयोग नाही. तू मात्र मंगळवारी शेरा वाचून बुधवारी राजीनाम्याचा मसुदा केलास. आणि ड्रमचा स्वेल विसरलीस? वाफेची मागणी अचानक वाढली की दाब पडतो, बुडबुडे फुगतात आणि पाणी कमी होत असताना पातळी वाढल्यासारखी दिसते. त्या क्षणी जो पाणी तोडतो तो बॉयलर घालवतो. पहिल्या दोन रात्रींचं तुझं रीडिंग तसलंच आहे.

फीडबॅक दिला की माणूस सुधारतोच, हेही खरं नाही. क्लूगर आणि डिनिसी या दोन संशोधकांनी 1996 साली जुने शेकडो निष्कर्ष एकत्र करून पाहिले. सरासरीने फायदा दिसला, पण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेळा काम आधीपेक्षा बिघडलं होतं. लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये शाळेतल्या मुलांवर पाहिलं: नुसते शेरे मिळालेली मुलं सुधारली, गुण आणि शेरे दोन्ही मिळालेली सुधारली नाहीत. आकडा दिसला की शेरा कोण वाचतो? तुझ्या फॉर्मवर पाचपैकी तीन असं रेटिंग आहे ना? तू मला तेच आधी कळवलंस, वाक्य नंतर.

तर सोमवारी मॅनेजरकडे जा. वाद घालू नकोस, आभारही मानू नकोस. विचार, कुठला मेल, कुठला दिवस, आणि पुढच्या महिन्यात काय वेगळं दिसलं तर तुम्हाला सुधारणा वाटेल? उत्तर आलं तर कडू असलं तरी घे आणि व्हॉल्व्ह हलव. उत्तर आलं नाही तर तो कागद फाइलला लाव आणि झोप. नोकरी सोडायचीच असेल तर दुसऱ्या कारणासाठी सोड, या ओळीसाठी नाही.

आणखी एक. हे लिहिताना तुझा ट्रेनिंगचा रिपोर्ट कपाटातून काढला. शेवटच्या पानावर मी ‘ठीक’ लिहून सही केलीय. त्या दिवशी मला घाई होती. पान 14 वरच्या आलेखात तू वेळ मिनिटांत धरलीयेस, रेकॉर्डर सेकंदांत होता. त्यामुळे तुझा इंटिग्रल टाइम, म्हणजे कंट्रोलर उरलेली चूक किती वेगाने भरून काढतो ते ठरवणारी वेळ, साठपट चुकलाय. मला तेव्हाच दिसलं होतं.

तुझा,
सर