सोडली खरी, पण संध्याकाळचं काय करू?

गेल्या अंकात दारूवरचा एक छोटासा प्रश्न घेतला होता आणि त्यावर एवढी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. नावं कुणाचीच छापत नाहीये, तपशीलही थोडे बदललेत. सोडायची कशी यापेक्षा सोडल्यावर पुढं काय, हेच जास्त लोकांनी विचारलंय आणि खरं सांगू का, मला ते बरं वाटलं. पण एक पत्र तातडीचं आहे, ते आधी.

प्रश्न : बाबा वीसेक वर्षं पितात. आता सकाळीही लागते, नाही घेतली तर हात इतके थरथरतात की सही करता येत नाही. परवा आईशी मोठं भांडण झालं आणि त्यांनी शपथ घेतली, सोमवारपासून एक थेंब नाही, खोलीचं दार लावून बसणार. आम्ही सगळे खूश आहोत. काय काळजी घेऊ?

खूश व्हा, पण दार लावू देऊ नका आणि सोमवारच्या आधी त्यांना डॉक्टरकडे न्या. ज्यांना सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर होत नाहीत त्यांनी घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं असतं, कधी कधी जिवावर बेततं. दारू वर्षानुवर्षं मेंदूला ब्रेक लावत असते, मग मेंदू गाडी चालती ठेवायला ॲक्सिलरेटर जास्त दाबायला शिकतो, आणि एक दिवस ब्रेक अचानक काढला की गाडी सुसाट. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, छातीत धडधड, मळमळ सुरू होते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. आणि सगळ्यात वाईट प्रकार दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास येतो, माणूस भलतंच बडबडतो, भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो. घरच्यांना वाटतं वेड लागलं किंवा बाहेरची बाधा झाली, आणि त्यात वेळ जातो. असं काही दिसलं की थेट हॉस्पिटल, सकाळ व्हायची वाट बघायची नाही.

डॉक्टरकडे गेलात तर हेच आठ-दहा दिवस बरेच सुसह्य होतात. ठरावीक गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात, ते साधं वाटतं पण मेंदूची कायमची हानी टाळायला फार महत्त्वाचं आहे. पूर्वी कधी सोडताना फिट आली होती का, हे डॉक्टरला आवर्जून सांगा, कारण दर वेळी सोडताना त्रास आधीपेक्षा जास्त होऊ शकतो. आणि तोपर्यंत घरातली बाटली मोरीत ओतून टाकू नका. हे सल्ल्याच्या सदरात वाचून विचित्र वाटेल, पण डॉक्टर भेटेपर्यंत एकदम तोडण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न : मी चाळिशीतला. पाच-सहा महिने झाले, पूर्ण बंद. सगळे कौतुक करतात पण मला काहीच वाटत नाही. संध्याकाळी सात वाजले की अंगात एक बेचैनी येते, घड्याळ पुढं सरकतच नाही. टीव्ही नको वाटतो, पुस्तक नको वाटतं, मित्र तर सगळे बैठकीतलेच. झोप तुटक, त्यात स्वप्नात पितो आणि दचकून उठतो. वर घरी गेलो की बायको दारातच अशी जवळ येऊन उभी राहते, मला कळतं की वास घेतेय. एवढं करून जर आयुष्य असंच बेचव राहणार असेल तर सोडून मिळवलं काय?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण हेच वाक्य थोड्याफार फरकाने बहुतेक प्रत्येकाच्या तोंडी येतं आणि नेमक्या याच महिन्यांत बरेच जण परत सुरू करतात. पहिले काही आठवडे माणूस लढत असतो, लोक विचारपूस करत असतात, अंगात एक जोश असतो. नंतर विचारपूस संपते आणि रोजची संध्याकाळ मात्र तशीच समोर येऊन बसते.

बेचवपणाबद्दल आधी. दारू मेंदूतल्या आनंदाच्या यंत्रणेला रोज जोरात धक्का देते, मग मेंदू तिची संवेदनशीलता कमी करून टाकतो. दारू गेली तरी ती लगेच पूर्ववत होत नाही, काही महिने जातात, काहींना वर्षही लागतं. त्या काळात चांगलं गाणं, मुलाचं बक्षीस, पाऊस, सगळं काचेपलीकडून बघितल्यासारखं होतं. तेव्हा आत्ता जे वाटतंय त्यावरून पुढच्या आयुष्याचा निकाल लावू नका. पण एक मात्र तपासून घ्या. दारूमुळे आलेली उदासी बहुतेक वेळा बंद केल्यावर तीन-चार आठवड्यांत बरीच ओसरते. तुम्हाला पाच-सहा महिने झालेत. नुसता कंटाळा असेल तर ठीक, पण दिवसभर मन जड असणं, भूक नसणं, मी नसतो तर बरं झालं असतं असे विचार येणं, यातलं काही असेल तर तो वेगळा आजार आहे, त्याला वेगळं औषध आहे, आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेटायला उशीर करू नका. बऱ्याच लोकांच्या बाबतीत हे डिप्रेशन आधीपासून असतं, दारूने फक्त झाकून ठेवलेलं असतं.

झोपेचंही असंच. दारूने झोप लवकर लागते पण उत्तररात्रीची मोडते, आणि स्वप्नांची जी झोप असते ती दाबली जाते. बंद केल्यावर ती उसळी मारून परत येते, म्हणून स्वप्नं एवढी ठसठशीत पडतात. पिण्याचं स्वप्न पडून उठल्यावर जिभेवर चव असल्यासारखं वाटणं, अपराधी वाटणं, उशाशी हात फिरवून बाटली नाही ना याची खात्री करणं, हे सगळं मी इतक्या जणांकडून ऐकलंय! त्याचा अर्थ तुम्हाला परत प्यायची इच्छा आहे असा लावू नका. मात्र झोपेची गोळी मनाने आणून घेऊ नका, एक सुटलं आणि दुसरं लागलं असं होणारे कमी नाहीत.

आता सात वाजताचं. तल्लफ ही चढते आणि उतरते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत उतरते, तुम्ही काहीही केलं नाही तरी. ॲलन मार्लट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यावरच रुग्णांना शिकवलं की तल्लफेशी भांडू नका, ती अंगात कुठे जाणवतेय ते बघत बसा, घशात का, पोटात का, हातात का, आणि ती कमी होताना पकडा. ऐकायला फालतू वाटतं, करून बघा. पण मी याहून आधी विचारेन की सातला तुमचं पोट रिकामं असतं का? उपाशी, चिडलेला, एकटा, थकलेला, या चार अवस्थांत माणूस सगळ्यात जास्त घसरतो आणि ऑफिसातून घरी परतणारा माणूस बऱ्याचदा चारही एकदम असतो. म्हणून निघण्यापूर्वी काहीतरी खा. खरंच, एवढं साधं. गोड खावंसं वाटलं तर सुरुवातीला खा, डायबेटिस नसेल तर त्याचा हिशोब नंतर करता येईल.

आणि सातनंतरच्या त्या तीन तासांना काम द्या, छंद वगैरे मोठा शब्द नको. दारू तुम्हाला आनंद देत होती तेवढंच नव्हतं, ती तुमचा वेळ भरत होती. कुणासोबत बसायचं, कधी उठायचं, सगळं ठरलेलं होतं. त्या जागी मन होईल तेव्हा काहीतरी करू असं ठेवलंत तर मन होणारच नाही. वेळ बांधलेली, दुसरं माणूस वाट बघतंय अशी गोष्ट हवी: क्लास, बॅडमिंटन, कुणाच्या मुलाला गणित शिकवणं, काहीही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभा १९३५ पासून चालू आहेत, बऱ्याच देशांत आहेत, फुकट असतात, आडनाव सांगावं लागत नाही. देवाधर्माची भाषा काहींना जड जाते, मला मान्य आहे, पण तिथे संध्याकाळी जाऊन बसायला जागा मिळते आणि समोरच्याला काही समजावून सांगावं लागत नाही. एक सभा नाही आवडली तर दुसरीकडे जाऊन बघा, माणसांवर खूप असतं.

बायकोचं. दादा, इथे मी त्यांच्या बाजूने आहे. तुम्ही पाच महिने मोजताय, त्या मागची सगळी वर्षं मोजतायत. वास घेणं ही त्यांची सवय झालीये, जसा तुमचा हात सातला ग्लास शोधतो तशी. तिच्यावर चिडून उपयोग नाही, आणि ‘अजून विश्वास नाही का’ हे तर विचारूच नका. त्याऐवजी लवकर कळवत जा: उशीर होतोय, अमुक ठिकाणी आहे, आज फार तल्लफ आली होती. शेवटचं सांगायला जड जातं पण त्यानेच सगळ्यात जास्त फरक पडतो. त्यांच्यासाठी वेगळी मदतही असते, दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन हा गट १९५१ पासून आहे, नवरा पीत असो की सुटलेला असो. सुचवा एकदा, आग्रह करू नका.

प्रश्न : मिस्टर काही केल्या ऐकत नाहीत. नात्यातल्या एकीने एक गोळी सांगितलीये, खाण्यात मिसळून द्यायची, माणसाला कळत नाही आणि प्यायला की उलट्या होऊन आपोआप सुटते. देऊ का?

ताई, नका देऊ. तुमचा जीव किती मेटाकुटीला आलाय ते कळतंय म्हणूनच स्पष्ट सांगते. ही बहुधा डायसल्फिराम असणार. डेन्मार्कमध्ये १९४० च्या दशकाच्या शेवटी तिचा हा गुण सापडला. शरीरात दारूचं जे विषारी रूप तयार होतं ते पुढे मोडू न देणं हे तिचं काम, म्हणून प्यायल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल, डोकं फुटायला आलेलं, उलट्या, धडधड, बीपी खाली. ज्याला माहितीये तो भीतीने पीत नाही, औषधाचा सगळा उपयोग त्या भीतीतच आहे. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखा पिणार, आणि हार्टचा त्रास असेल तर मरूसुद्धा शकतो. चोरून द्यायचीच नाही असं डॉक्टरांनाही सांगितलेलं असतं. शिवाय गोळी थांबवली तरी परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, खोकल्याच्या काही औषधांत आणि माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं तेही बाधतं. आणि उद्या त्यांना कळलं तर घरातलं अन्न खातानाही संशय घेतील, ते वेगळंच.

स्वतः तयार असतील तर गोळ्या आहेत. नाल्ट्रेक्सोनने पिण्यातली मजा आणि ओढ कमी होते, ॲकाम्प्रोसेटने बंद ठेवायला मदत होते. लिव्हर-किडनीच्या तपासण्या बघून डॉक्टर ठरवतात. ते तयार नसतील तर तुम्ही एकट्या समुपदेशकाला भेटा. त्यांच्या वतीने ऑफिसात खोटं कारण सांगणं, उधारी फेडणं, हे कसं आणि कधी बंद करायचं ते शिकायला त्यांच्या परवानगीची गरज नाही.

प्रश्न : वर्षभर सोबर होतो. भावाच्या लग्नात एक घेतली, मग वाटलं आता गेलंच सगळं, तर आणखी दोन घेतल्या. आता शून्यापासून सुरू?

एक घेतल्याने जेवढं नुकसान झालं त्यापेक्षा ‘आता गेलंच सगळं’ या विचाराने जास्त झालं, पुढच्या दोन त्यानेच पाजल्या. वर्षभरात जे शिकलात ते कुठे गेलेलं नाही, तारीख बदलायची तर बदला. मला त्या पहिल्या पेगच्या आधीच्या दोन दिवसांबद्दल वाचायला आवडेल: झोप झाली होती का, कुणाशी वाजलं होतं का, ‘आपल्याला आता एक चालेल’ असं कधी वाटायला लागलं? घसरण बहुतेक वेळा तिथेच सुरू झालेली असते. आज एका माणसाला सांगा, लपवू नका. आणि लक्षात ठेवा, वर्षभराच्या गॅपनंतर शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते, पूर्वीच्या मापाने कुणी प्यायलं तर ते थेट अंगावर येतं.

प्रश्न : मी एकटी राहते, घरी एकटीच प्यायचे, कुणाला माहीतच नव्हतं, त्यामुळे सोडल्याचंही कुणाला सांगता येत नाही. ऑफिसच्या पार्ट्यांमध्ये काय सांगू? झिरो बीअर चालेल?

बाईने पिण्याला लोक जास्त नावं ठेवतात, म्हणून बायका जास्त लपवतात आणि मदतीला उशिरा येतात. त्यात सारख्याच मापाची दारू बाईच्या रक्तात जास्त चढते, शरीरात पाणी तुलनेने कमी असतं म्हणून, त्यामुळे नुकसानही लवकर होतं. तुम्ही स्वतःहून थांबलात, छान केलंत. निदान एका मैत्रिणीला किंवा डॉक्टरला तरी खरं सांगा.

पार्टीत मात्र खरं सांगायचं बंधन नाही. ‘नको, मी घेत नाही’ एवढं पुरतं, कारण दिलंत की लोक त्या कारणाशी वाद घालतात. औषध चालू आहे, गाडी चालवायचीये, हेही चालतं. पोचल्या पोचल्या आपणहून सोडा-लिंबू हातात घ्या, रिकाम्या हाताच्या माणसालाच जास्त आग्रह होतो. जाण्यायेण्याची सोय स्वतःची ठेवा म्हणजे कुणाच्या निघण्यावर अडकून पडणार नाही. झिरो बीअर मी निदान पहिलं वर्ष तरी नको म्हणेन, अल्कोहोल-फ्री लिहिलेल्या काही बाटल्यांमध्ये ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं, पण माझी खरी अडचण ती नाही. तोच वास, तोच फेस, तोच ग्लास, आणि तुमच्या बाबतीत तर घरी एकटीने फ्रिज उघडणं, ही सगळी जुनीच पायवाट आहे. पार्टीत चार लोकांत एखादी घेतलीत तर आभाळ कोसळणार नाही, घरी आणून ठेवू नका.